परक्या कीबोर्डवर परवलीचा शब्द

१९९५च्या जुलैमध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठातल्या तातू इलोनेन या संशोधकाने एक छोटा प्रोग्राम लिहून जगाला फुकट देऊन टाकला. त्याचं नाव एसएसएच. विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून कान लावून बसलं होतं आणि येणारे-जाणारे पासवर्ड टिपून घेत होतं, त्यावरचा हा उपाय होता. त्यानंतर काही आठवड्यांनी, १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मुंबईतला नवा ग्राहक मोडेमची किरकिर ऐकत फोन लागण्याची वाट बघायचा, काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाकायचा आणि निगमच्या युनिक्स यंत्रावर पोचायचा. स्वस्तातल्या 'शेल' खात्यावर चित्रं दिसत नसत, नुसती अक्षरं. पण त्या अक्षरांतून तो खऱ्या अर्थाने दूरच्या संगणकावर बसलेला असे. आपल्याकडे इंटरनेटची सुरुवातच अशी दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याने झाली.

समोरचा संगणक आपला नसेल, त्यावर विश्वास ठेवायला काही कारण नसेल, तर त्यावरून दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित कसं शिरायचं? या प्रश्नाचा इतिहास मला इथे सांगायचा आहे. माझं रोजचं काम दूरच्या सर्व्हरांची निगा राखण्याचं आहे, म्हणून हा प्रश्न धंद्याचा. आणि मी विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात राहतो, म्हणून तो शेजाऱ्यांचाही. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत हा प्रश्न प्रवासाला निघालेल्या माणसाचा म्हणून येतो: घरी स्वतःचा चांगला संगणक आहे, विमानतळावर किंवा हॉटेलात तेवढी अडचण आहे. आमच्याकडे मात्र कित्येक वर्षं परका संगणक हाच एकमेव संगणक होता.

मराठीत पासवर्डला 'परवलीचा शब्द' म्हणतात. हा शब्द पहाऱ्यावरचा आहे. अंधारात येणारा माणूस आपला की परका, हे ओळखायला पहारेकऱ्याने विचारायचा शब्द. तो कायमचा एकच ठेवून चालत नाही. रोमन सैन्यात रोज संध्याकाळी त्या रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकड्यातुकड्यांतून फिरवत, असं पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवून ठेवलं आहे. कारण साधं आहे. काल कुणी झुडपाआडून शब्द ऐकला असेल, तर आज त्याचा उपयोग होता कामा नये.

संगणकावर येताना परवलीच्या शब्दाची ही बदलण्याची खोड गळून पडली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी पद्धत उभारली. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळे आणि ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या ठेवायला पासवर्ड आला. १९६२मध्येच ॲलन शेर या विद्यार्थ्याने यंत्राला पासवर्डची फाइलच छापायला सांगितली आणि दुसऱ्यांचा वेळ वापरून घेतला. पासवर्ड जन्मला आणि लगेच चोरला गेला.

तरीही पुढची तीसेक वर्षं फारसं कुणी घाबरलं नाही, कारण वर्तुळ लहान होतं. मुंबईतही तसंच होतं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'एर्नेट' हे शिक्षणसंस्थांना जोडणारं नेटवर्क उभं राहत होतं. जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, आणि पवईचं आयआयटी त्यात होते. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी यांचा त्या कामासाठी २०१४मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. त्या काळी दूरच्या यंत्रावर शिरायला 'टेलनेट' वापरत. त्यात पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जाई. पोस्टकार्डच ते. वाटेतल्या कुणालाही वाचता यावं असं. पण वाटेत प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थीच असत, त्यामुळे पोस्टकार्ड चालून जाई.

वर्तुळ मोठं झालं तसं हे फुटलं. ३ फेब्रुवारी १९९४ला 'सर्ट' या अमेरिकेतल्या संगणक-सुरक्षा संस्थेने जाहीर इशारा दिला: घुसखोर नेटवर्कवर कान लावून बसले आहेत, आणि हजारो यंत्रांवर शिरण्याची माहिती त्यांच्या हाती लागलेली आहे. दीड वर्षाने इलोनेनच्या एसएसएचने पोस्टकार्डाचा लखोटा केला. दोन्ही टोकांची यंत्रं आधी आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मग जे काही जातं ते कुलूपबंद जातं. आज जगातल्या बहुतेक सर्व्हरांची देखभाल याच लखोट्यातून चालते.

पण लखोटा बंद होतो टेबलावर. आत घालायची चिठ्ठी लिहितानाच कुणी खांद्यावरून वाचत असेल, तर लखोटा कितीही जाड असो, काय उपयोग?

पासवर्ड चोरीला जाण्याच्या मुळात तीन जागा आहेत. एक वाटेवरची, जिचा बंदोबस्त एसएसएचने केला. दुसरी सर्व्हरवरची, जिथे सगळ्यांचे पासवर्ड साठवलेले असतात. तिसरी आपल्या बोटांखालची, म्हणजे ज्या यंत्रावर आपण टाइप करतो ती.

दुसऱ्या जागेचा मोठा धडा मुंबईलाच मिळाला. १९९८च्या ११ आणि १३ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. जूनच्या सुरुवातीला 'मिलवर्म' नावाच्या टोळक्याने ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून ई-मेल पळवले आणि वेबपानावर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं. हे चाचण्यांच्या विरोधात होतं, असं त्यांचं म्हणणं. टोळक्यात निरनिराळ्या देशांतली पोरं होती, बरीचशी विशीच्या आतली, आणि ती अमेरिकेतल्या सरकारी यंत्रांवरून उड्या मारत इथवर आली होती. केंद्रातल्या वापरकर्त्यांची लॉगिन-नावं आणि पासवर्ड मग हॅकरांच्या गप्पांच्या चॅनेलवर फिरले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. गुप्त संशोधन या सर्व्हरवर नव्हतंच, असा केंद्राचा खुलासा होता. पण एकदा टाकलेला पासवर्ड जर उद्याही चालत असेल, तर तो एका जागी सांडला की सगळीकडे सांडतो, हे त्यातून दिसलं.

गंमत म्हणजे तिन्ही जागांवरचं एकच उत्तर त्याच्या सतरा वर्षं आधी लिहून झालेलं होतं. लेस्ली लॅम्पोर्ट हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ. गणिताचं लेखन सुबक छापणारी 'लाटेक' ही प्रणाली त्यांचीच आणि २०१३चं ट्युरिंग पारितोषिकही त्यांचं. नोव्हेंबर १९८१मध्ये त्यांनी एका छोट्या लेखात एक युक्ती मांडली. ती समजायला जात्याची कल्पना करावी. जोंधळे दळले की पीठ होतं, पण पिठाचे पुन्हा जोंधळे करता येत नाहीत. गणितातही अशी जाती आहेत. आकडा आत घातला की दुसरा आकडा बाहेर पडतो, आणि बाहेरच्यावरून आतला शोधून काढणं व्यवहारात अशक्य असतं.

आता एक गुपित घ्या आणि ते हजार वेळा दळा. हजाराव्या दळणाचं पीठ सर्व्हरकडे ठेवून द्या. पहिल्यांदा लॉगिन करताना ९९९व्या दळणाचं पीठ द्या. सर्व्हर ते एकदा दळतो, आपल्याजवळच्या पिठाशी ताडून बघतो, जुळलं की दार उघडतो आणि आता ९९९वं पीठ जपून ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही ९९८वं द्यायचं. कुणी ९९९वं चोरून पाहिलं तरी ते संपलेलं आहे. त्याला हवं ९९८वं, आणि जातं उलटं फिरत नाही. वाटेवर ऐकणाऱ्याच्या हाती शिळं पीठ. सर्व्हर फोडणाऱ्याच्या हातीही शिळंच. आणि परक्या कीबोर्डखाली लपलेल्याच्या हातीही तेच. रोमन पहाऱ्यावरचा रोज बदलणारा शब्द गणिताच्या रूपात परत आला.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेलकोअर या दूरसंचार संशोधन कंपनीत नील हॅलर, फिल कार्न आणि जॉन वॉल्डन यांनी हे प्रत्यक्षात उतरवलं. नाव 'एस/की'. घरच्या विश्वासाच्या संगणकावर पुढच्या पन्नास-शंभर लॉगिनांची यादी आधीच काढायची, कागदावर छापायची आणि खिशात घालून निघायचं. लांबलचक आकडे टाइप करताना चुकतात म्हणून प्रत्येक आकड्याचे सहा छोटे इंग्रजी शब्द केले जात. २,०४८ शब्दांचा कोश त्यासाठी ठरलेला होता. परक्या संगणकावर बसलं की सर्व्हर अनुक्रमांक विचारतो, तुम्ही त्या ओळीतले सहा शब्द टाइप करता आणि पेनने ती ओळ खोडता. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने याचीच 'ओपी' ही आवृत्ती काढली आणि ती फ्रीबीएसडीसारख्या प्रणालीत कित्येक वर्षं सोबत येत राहिली.

मला या कागदाचं फार अप्रूप वाटतं. तो चार्ज करावा लागत नाही, त्याला रेंज लागत नाही, आणि त्याच्याकरता ना कंपनी लागते ना वर्गणी. अट एकच: यादी काढायला आयुष्यात एकदा तरी विश्वासाचा संगणक हाती हवा. म्हणजे घरी संगणक हवा. ही अट इतकी सहज गृहीत धरलेली होती की तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता विरारकडे वळू. २०००च्या आसपास इंटरनेट आमच्या बाजूच्या घरांत आलं नाही, ते दुकानांत आलं. शहरांत सत्यमच्या 'आय-वे'सारख्या साखळ्या होत्या, पुढे 'रिलायन्स वेबवर्ल्ड' आलं. उपनगरात मात्र बहुतेक एका गाळ्यातली सायबर कॅफे. प्लायवूडचे कप्पे, तासावर पैसे, एका कीबोर्डवर दिवसभरात वीस माणसं. २०१३मध्ये माझा अकरावीचा ऑनलाईन प्रवेश-अर्ज अशाच एका गाळ्यात भरला गेला. लॉगिन आणि पासवर्ड शाळेतून मिळालेल्या कागदांवर होते. कॅफेवाल्याने एक लांबट वही ठेवली होती. तीत मुलांची नावं आणि त्यांच्यापुढे पासवर्ड. मुलं विसरत, यादी लागायच्या दिवशी रडकुंडीला येत, मग वही उघडली जाई. सुरक्षेच्या कुठल्याही पुस्तकाप्रमाणे ती वही म्हणजे अनर्थ. पण त्या वहीमुळे कितीतरी मुलांचे प्रवेश वाचले असतील.

अशा यंत्रांवर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा 'कीलॉगर' बसवणं सोपं होतं. बँकांना हे ठाऊक होतं, आणि त्यांनी जे उपाय काढले त्यांतून त्या काळचं चित्र स्पष्ट दिसतं. स्टेट बँकेसह अनेक बँकांच्या लॉगिन-पानावर पडद्यावरचा कीबोर्ड आला. माऊसने अक्षरं टिचकवायची म्हणजे कीलॉगरला काही मिळत नाही. आयसीआयसीआय बँकेच्या डेबिट कार्डामागे 'ए'पासून 'पी'पर्यंतच्या अक्षरांची जाळी छापलेली असे आणि प्रत्येक अक्षराखाली दोन अंक. पैसे पाठवताना बँक त्यांतली तीन अक्षरं निवडून त्यांखालचे अंक विचारी. एस/कीच्या कागदाचीच ही दूरची बहीण, खिशात मावणारी. फरक एवढाच की जाळी संपत नसे, तेच अंक पुन्हा विचारले जात. पुरेसा वेळ पाळतीवर बसलेल्याला ती हळूहळू भरून काढता आली असती.

२००६मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ली आणि दिनेई फ्लोरेन्सियो यांनी याच प्रश्नावर एक छोटा निबंध वाचला: इंटरनेट कॅफेतून कीलॉगरची काळजी न करता लॉगिन कसं करावं. त्यांची युक्ती कुणालाही जमेल अशी होती. पासवर्डचं एक अक्षर टाका, मग पानावर दुसरीकडे कुठेतरी क्लिक करून वाटेल ती अक्षरं बडवा, परत चौकटीत येऊन पुढचं अक्षर टाका. त्या काळच्या साध्या कीलॉगरला कळा दिसतात, पण कुठली कळ कुठे पडली ते दिसत नाही, त्यामुळे त्याच्या हाती कचऱ्याचा ढीग लागतो. पडद्याचे फोटो काढणाऱ्या चोरापुढे अर्थात ही युक्ती चालत नाही. पण घरी संगणक असलाच पाहिजे असं तिने धरलेलं नाही, म्हणून या इतिहासात तिला वेगळी जागा द्यायला हवी.

हे चाललेलं असताना कायदा काय बघत होता? त्याचं लक्ष यंत्राकडे नव्हतं, यंत्रापुढे बसणाऱ्याकडे होतं. २००१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लहान मुलांना इंटरनेटवरच्या अश्लील मजकुरापासून कसं वाचवावं यासाठी समिती नेमली. २००२च्या तिच्या अहवालात कॅफेत येणाऱ्यांचं ओळखपत्र तपासण्याचा मुद्दा होता. पुढे ११ एप्रिल २०११ला केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ओळखपत्र दाखवा, नोंदवहीत सही करा, कुणी काय पाहिलं त्याचा तपशील वर्षभर जपा, कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांहून उंच नकोत, कप्प्याबाहेरच्या संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूला वळवा, ग्राहकाला यंत्राच्या सेटिंगमध्ये ढवळाढवळ करता येणार नाही अशी खबरदारी घ्या. दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या त्या वर्षांत यामागची भीती समजण्यासारखी होती. पण सगळा रोख ग्राहकापासून यंत्राचं आणि समाजाचं रक्षण करण्यावर. यंत्रापासून ग्राहकाचं रक्षण करण्याची जबाबदारी कुणावर, हे त्यातून पुढे येत नाही. अभियंत्यांच्या भाषेत 'अविश्वासार्ह' होता तो संगणक. कायद्याच्या भाषेत अविश्वासार्ह ठरला तो त्यापुढे बसलेला माणूस. उलट त्याने कुठली संकेतस्थळं पाहिली त्याचा तपशील वर्षभर साठवणं बंधनकारक झालं.

लॅम्पोर्टची कल्पना विरारपर्यंत पोचली ती मुंबईतल्याच मिंट रोडवरून. रिझर्व्ह बँकेच्या १८ फेब्रुवारी २००९च्या परिपत्रकाने १ ऑगस्ट २००९पासून ऑनलाईन कार्ड-व्यवहारांना कार्डावर न छापलेल्या जादा माहितीची अट घातली. सुरुवातीला ही जादा माहिती म्हणजे बरेचदा आणखी एक कायमचा पासवर्डच असे. हळूहळू त्याची जागा मोबाईलवर येणाऱ्या सहा आकड्यांनी घेतली, आणि 'ओटीपी' हा शब्द भाजीवाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. एकदाच चालणारा परवलीचा शब्द इतक्या माणसांच्या हाती इतक्या झपाट्याने क्वचितच कुठल्या देशात गेला असेल.

मात्र वाटेत मूळ कल्पनेचा एक दागिना गळला. लॅम्पोर्टच्या पद्धतीत सर्व्हरकडे चोरण्यासारखं काहीच नसतं. एसएमएसच्या ओटीपीत आकडा सर्व्हरच तयार करतो आणि वाटेत फोन-कंपनीवर विसंबतो. दुसऱ्याच्या नावावर सिम काढणाऱ्या चोराला तिथे फट सापडते. कंपन्यांतून वापरली जाणारी मिनिटाला आकडा बदलणारी 'सिक्युरआयडी' टोकनं असोत, की २०११मध्ये प्रमाणित झालेली, दर तीस सेकंदांनी आकडा बदलणारी मोबाईल ॲपची पद्धत, दोन्हींत मूळ गुपिताची प्रत सर्व्हरच्या बाजूला ठेवावी लागते. त्याच २०११च्या मार्चमध्ये सिक्युरआयडी बनवणाऱ्या आरएसए कंपनीतच चोरी झाली आणि लाखो टोकनं बदलून देण्याची वेळ आली. म्हणजे दुसरी जागा पुन्हा उघडी पडली.

पण यापेक्षा मोठी मर्यादा सगळ्याच पद्धतींना आहे, लॅम्पोर्टच्यालाही. एकदाच चालणारा शब्द आपल्याला उद्याच्या चोरापासून वाचवतो, आत्ताच्या नाही. दार उघडून मी आत शिरलो की माझ्या आणि सर्व्हरच्या मध्ये तो परका संगणक असतोच. मी एक आज्ञा टाइप केली तर तो दुसरी पाठवू शकतो, आणि मला पडद्यावर पहिलीच दाखवू शकतो. केन थॉम्प्सन यांनी १९८४मध्ये छापून आलेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात हेच मुळापासून दाखवलं होतं: जो प्रोग्राम तुम्ही स्वतः पूर्णपणे घडवला नाही, त्यावर शेवटी त्याच्या कर्त्यावरच्या भरवशापलीकडे विश्वास ठेवता येत नाही. २०१४पासून आलेल्या यूएसबी सुरक्षा-किल्ल्या खोट्या संकेतस्थळाला फसत नाहीत. २०२०पासून ओपनएसएसएचही त्या ओळखतं. पण दार उघडल्यानंतरचं त्यांच्या हातात नाही.

सर्व्हरांच्या धंद्यात आम्ही यावर फार पूर्वी एक व्यवहारी तोड काढली. शिरतो कोण हे तपासायचंच, पण शिरल्यावर त्याला काय करता येईल हेही आवळून धरायचं. एसएसएचमध्ये जवळपास सुरुवातीपासून अशी सोय आहे की एखाद्या किल्लीला एकच ठरलेली आज्ञा बांधून टाकता येते. ती किल्ली घेऊन आलेल्याला फक्त बॅकअप सुरू करता येईल, बाकी काही नाही. परक्या यंत्रावर जायचंच असेल तर अशी तोकडी किल्ली न्यावी, सगळ्या घराची नेऊ नये. यंत्र बदमाश निघालं तरी फार तर एक जादा बॅकअप होईल.

मनवेलपाड्याच्या रस्त्यावर आता 'सायबर कॅफे' अशी पाटी दिसत नाही. स्वस्त डेटा आणि स्मार्टफोनने ती पुसली. तिच्या जागी झेरॉक्स, पॅन, आधार, रेल्वे तिकीट, सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म अशा पाट्या आहेत. फोन हातात आला तरी फॉर्म फोनवर भरता येत नाही. फोटो अमुक केबीच्या आतच हवा असतो, दाखल्याची पीडीएफ हवी असते, साईट मध्येच झोपते. म्हणून महाडीबीटीची शिष्यवृत्ती असो, सीईटीचा अर्ज असो किंवा लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, माणूस गाळ्यात येतो. फरक एवढा झाला की आता कीबोर्डवर तो स्वतः बसत नाही. काउंटरच्या अलीकडे उभा राहतो. पलीकडून आवाज येतो, "ताई, ओटीपी सांगा." ताई फोन डोळ्यांशी धरून सहा आकडे मोठ्याने वाचतात.

चाळीस वर्षांच्या गणिताचं हे टोक आहे. परक्या यंत्राला आपलं गुपित कळू नये म्हणून काढलेला शब्द परक्या यंत्रावर बसलेल्या माणसाला तोंडाने सांगितला जातो. यात ताई अडाणी नाहीत आणि पलीकडचा मुलगाही लबाड नाही. बहुतेक वेळा तो शेजारचाच असतो, तीस-चाळीस रुपयांत सरकारशी झुंजून देतो. ताईंनी विश्वास टाकलेला आहे तो त्या मुलावर, आणि तो रास्त आहे. पण सर्व्हरला हे दिसत नाही. त्याच्या दृष्टीने सहा आकडे आले म्हणजे ताई आल्या, साक्षात आणि सर्वाधिकारांनिशी.

आणि भुर्दंडही त्याच हिशेबाने ठरतो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूने लिहिलेलं आहे. तिऱ्हाइताने केलेल्या चोरीची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाचं नुकसान शून्य. पण ग्राहकाने स्वतःच आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल तर तो निष्काळजीपणा, आणि खबर देईपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. घरी लॅपटॉप असलेल्याला हा नियम न्याय्य वाटेल. ज्याला दुसऱ्याच्या हातूनच टाइप करून घ्यावं लागतं, त्याच्यासाठी रोजचं जगणंच निष्काळजीपणाच्या व्याख्येत बसतं. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हा संदेश त्याच ओटीपीच्या एसएमएसमध्ये असतो, आणि तो वाचता वाचताच ओटीपी सांगितला जातो.

आपल्याकडे हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सुटलेला आहे, वकिलाच्या टेबलावर. गावची जमीन बघायला जाता येत नसेल तर माणूस मुखत्यारपत्र करून देतो. त्याचे दोन प्रकार सगळ्यांना ठाऊक असतात. कुलमुखत्यारपत्र म्हणजे सगळे अधिकार. ते देताना माणूस दहा वेळा विचार करतो. आणि खास मुखत्यारपत्र म्हणजे एकाच कामापुरतं: अमुक दस्तावर सही कर, तेवढं झालं की अधिकार संपला. दुसऱ्याच्या हातून काम करून घेणं हा गुन्हा नाही, हे कायद्याने मान्य केलं, आणि मग त्याला हद्द घातली.

आपल्या सरकारी आणि बँकांच्या लॉगिनांत सहसा फक्त कुलमुखत्यारपत्र मिळतं. ओटीपी दिला की सगळं दिलं. फॉर्म भरण्यापुरता, एका तासाने विझणारा, बँक खात्याचा क्रमांक बदलू न देणारा असा 'खास' ओटीपी का नसावा? एसएमएसमध्ये नुसते आकडे न येता "या आकड्याने फक्त शिष्यवृत्तीचा अर्ज सादर होईल" असं स्पष्ट मराठीत का येऊ नये? यासाठी नवं गणित लागत नाही. एका आज्ञेला बांधलेली किल्ली एसएसएचमध्ये जवळपास तीस वर्षं आहे. सर्व्हर सांभाळणारे आम्ही लोक ती स्वतःसाठी रोज वापरतो.

या इतिहासातल्या जवळपास प्रत्येक शोधाने एकच प्रश्न सोडवला: समोर आलेला माणूस तोच आहे का? लॅम्पोर्टने त्याचं सुंदर उत्तर दिलं, रिझर्व्ह बँकेने ते घरोघरी पोचवलं. मनवेलपाड्याच्या काउंटरवर मात्र प्रश्न दुसरा आहे. माणूस तोच आहे, हात दुसऱ्याचा आहे, आणि तो उद्याही दुसऱ्याचाच असणार आहे. त्या हाताला किती काम करू द्यायचं, हे ठरवायची सोय ताईंना कधी मिळणार?